काट्याकडे पाहू नये

जलतरण तलाव बाळगणाऱ्याला केव्हा ना केव्हा एखादा शहाणा भेटतोच, आणि तलावाचा जीव त्याच्या फिल्टरमध्ये असतो असे तो ऐकवतो. अशा माणसाला हसून निरोप द्यावा. पाहुणे येतात ते निळे पाणी पाहायला. मागच्या कोंदट खोलीत पंपाशेजारी उभ्या असलेल्या त्या ढेरपोट्या टाकीचे दर्शन घ्यायला आजवर कोणीही आलेले नाही. जे चारचौघांना दिसत नाही त्याची निगा राखण्यात आयुष्य घालवू नये, या मताचा मी पुष्कळ वर्षे होतो आणि त्या मताची पूर्ण किंमतही मी मोजलेली आहे. तेव्हा वाचकहो, फिल्टरची वाट पद्धतशीरपणे कशी लावावी हे सांगण्याचा अधिकार माझ्याइतका क्वचितच कोणाला असेल.

सुरुवात टाकीच्या माथ्यावरील दाबमापकापासून करावी. फिल्टर नुकताच धुतलेला असताना काटा जिथे स्थिरावतो तो आकडा लिहून ठेवायचा असतो, आणि काटा त्या आकड्याच्या वर ८ ते १० पीएसआय (दाब मोजायचे एकक) चढला की फिल्टर पुन्हा धुवायचा असतो. सारे शास्त्र एवढ्यावर उभे असल्यामुळे ते कोलमडून टाकणेही तितकेच सोपे आहे: पहिल्या दिवशी तो आकडा लिहूच नये. आकडा नसला की २२ म्हणजे जास्त की कमी हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही आणि आपली सुट्टी बिनघोर जाते. माझ्या दाबमापकाच्या काचेवर आतून दमट धुके धरले होते आणि त्यामागे काटा १८ वर उभा होता. पंप चालू असला तरी १८, बंद असला तरी १८. पंप बंद असताना शून्यावर न येणारा काटा मेलेला असतो, हे मला पुढे कळले; तोवर त्याच्या स्थितप्रज्ञपणाचा मला मोठा आधार वाटत असे.

काटा जिवंत असेल आणि नेहमीपेक्षा खाली गेला असेल, तर ती आनंदाची बातमी समजावी आणि पंपाच्या झाकणाखालची जाळी चुकूनही उघडू नये. मी ती एकदा उघडली. आत कुजलेल्या पानांचा काळा लगदा, केसांचा एक गुंता, केस बांधायचे दोन रबर आणि चिकटपट्टीचे एक टोक एवढा ऐवज होता, आणि त्यातून वाट काढत पाणी कसेबसे पंपापर्यंत पोचत होते. फिल्टरपर्यंत पाणीच येत नसेल तर दाब कुठून येणार, हा विचार तिथे उकिडवे बसल्यावर सुचला. उकिडवे बसलोच नसतो तर सुचलाही नसता.

आता बॅकवॉश, म्हणजे फिल्टर धुणे. वाळूच्या फिल्टरमध्ये एरवी पाणी वरून खाली झिरपते आणि घाण वाळूत अडकते. बॅकवॉश करताना प्रवाह उलटा होतो, पाणी खालून वर उसळते, वाळूचा थर सैल होऊन उचलला जातो आणि अडकलेला मळ सुटून नळावाटे बाहेर पडतो. दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाजूला एक बोटभर काचेची कुपी असते. तीत पाणी आधी मातकट, मग ताकासारखे पांढुरके, आणि दोन-तीन मिनिटांनी नितळ दिसू लागते. हे दृश्य इतके समाधान देणारे आहे की ते पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे. कुपी मातकट असतानाच पंप बंद करून, रिन्सचा टप्पा ओलांडून, दांडा थेट ‘फिल्टर’ या खुणेवर आणावा. रिन्समध्ये वाळू पुन्हा बसेपर्यंतचे गढूळ पाणी अर्धा-एक मिनिट बाहेर सोडले जाते. ते पाणी वाया का घालवावे? तलावातच येऊ द्यावे. पाण्याच्या झोतातून तपकिरी ढग बाहेर पडताना पाहून पोहणारे किंचाळतात, पण पाणी वाचवल्याचे पुण्य आपल्या पदरात पडलेले असते.

दांडा फिरवण्याआधी पंप बंद करावा, ही सूचना व्हॉल्व्हच्या झाकणावर छापलेली असते. छापील गोष्टींवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. पंप चालू ठेवून दांडा ओढला की आतला चाकाच्या आऱ्यांसारखा दिसणारा रबरी गॅस्केट दाबाखाली खाचेतून उचलला जातो, आणि मग फिल्टर चालू असतानाही बॅकवॉशच्या नळातून रात्रंदिवस एक बारीक धार वाहत राहते. पाण्याची पातळी रोज बोटभर उतरते आणि घरातले सगळे उन्हाला दोष देतात.

याउलट एक पंथ अतिउत्साही लोकांचा आहे. त्यांना रोज सकाळी बॅकवॉश केल्याशिवाय करमत नाही. त्यांनाही आमच्या मंडळात मानाचे स्थान आहे, कारण वाळूत थोडा मळ साठला की कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि गाळण उलट अधिक बारीक होते. रोज धुणारा माणूस हा फायदा रोज पाण्यासोबत गटारात सोडून देतो.

वाळूऐवजी घड्यांच्या कापडाची नळकांडी, म्हणजे कार्ट्रिज, वापरणाऱ्यांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. त्या कापडावर उच्च दाबाचा फवारा मारला की तंतू फाटतात आणि मळाला हमरस्ता मिळतो. त्याहून नामी उपाय म्हणजे अंगाला चोपडलेल्या तेला-मलमांनी चिकट झालेले कार्ट्रिज आधी आम्लात बुडवणे. चिकटपणा आधी तेल काढणाऱ्या द्रावणाने घालवायचा आणि क्षारांचे पांढरे थर राहिले तरच नंतर आम्ल वापरायचे, असा क्रम आहे. तो उलटा केला की तेल कापडात कायमचे मुरते आणि नवे कार्ट्रिज आणण्याचे निमित्त मिळते. इथे मात्र मला उपरोध पेलवत नाही. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. आम्ल आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. आणि पंप बंद करून आतली हवा सोडल्याशिवाय टाकीच्या झाकणाच्या पट्ट्याला हात लावू नये, कारण दाबाखालचे झाकण माणसाला उडवून लावते. एवढे खरे सांगून मी पुन्हा माझ्या कामाला लागतो.

पाणी दुधाळ झाले तर फिल्टरकडे ढुंकूनही न पाहता क्लोरीन ओतावे. क्लोरीन शेवाळ आणि जंतू मारते, पण मेलेले शेवाळ उचलून नेण्याचे काम फिल्टरचे असते, आणि तो तुंबलेला असल्याने प्रेते तिथेच तरंगत राहतात. मग पाणी हिरव्याऐवजी राखाडी होते आणि आपण प्रगती झाली असे म्हणतो. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की क्लोरीन भरपूर आहे असे अभिमानाने सांगावे. तो वास खरे तर क्लोरीनचा घाम-लघवीशी संयोग होऊन झालेल्या क्लोरामाइनचा असतो, ही माहिती पोहणाऱ्यांना न दिलेलीच बरी.

पंपाच्या वेळात काटकसर करणे हा आमचा शेवटचा हुकमी एक्का. तलावभर पाणी एकदा फिरायला साधारण ६ ते ८ तास लागावेत अशी पंपाची निवड केलेली असते. पण गाळलेले पाणी न गाळलेल्यात सतत मिसळत असल्याने एका पूर्ण फेरीतही जेमतेम ६३ टक्के पाणीच फिल्टरमधून गेलेले असते. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन तास पंप चालवून समाधानाने झोपतो.

एवढ्या सेवेनंतर वाळू ढेकळे धरते आणि पाणी तिच्यातून गाळले न जाता ठरावीक बिळांतून धावू लागते. टाकीच्या तळाशी असलेल्या खाचांच्या नळ्यांपैकी एखादी तडकली की वाळूच तलावात येते. आमच्या तलावाच्या तळाशी पाण्याच्या झोतासमोर वाळूचा एक सुबक पंखा तयार झाला होता आणि मुलांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला होता. कारागीर आला, त्याने धुकट काचेवर टिचकी मारली आणि विचारले, “काका, फिल्टर नवीन होता तेव्हा काटा कितीवर असायचा?” मी मोठ्या विश्वासाने सांगितले, “अठरावर. अजूनही तिथेच आहे की.”