आप्पेपात्रातले स्क्रू

लॅपटॉपमध्ये कचरा सगळ्यात आधी कुठं साठतो तर पंख्यात, आणि सगळ्यात शेवटी हाताला काय लागतं तर तोच पंखा. ज्या कुणी हे डिझाईन केलं त्यानं आयुष्यात कधी हातात झाडू धरला नसणार, हे मी लिहून द्यायला तयार आहे. म्हणजे बघा, रॅम बदलायची तर खालचं एक झाकण काढलं की झालं, डिस्क बदलायची तरी तेच, आणि ह्या गोष्टी माणूस जन्मात एकदा बदलतो. पंखा मात्र दरवर्षी साफ करायला पाहिजे आणि त्याच्यासाठी कीबोर्ड काढा, वरचा पत्रा काढा, डीव्हीडी ड्राइव्ह काढा, वायफायच्या वायरी सोडवा, अख्खा मदरबोर्ड उचला, उलटा करा, मग महाराजांचं दर्शन.

आमचा हा लॅपटॉप २०१४ च्या दिवाळी ऑफरमधला. घेतला आणि लगेच १ नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं बिलावर बेळगाव आहे आणि नंतरच्या सर्विसच्या पावतीवर बेळगावी, फायलीत दोन्ही एकाच स्टेपलरनं जोडून सुखानं राहतात. वजन एवढं की शाळेत घेऊन गेलं की त्या दिवशी डबा हलका न्यायचा. मी मराठी शाळेत शिकवते आणि इतक्या वर्षांचे सगळे पेपर, आठवीच्या चाचणीपासून एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या सरावापर्यंत, ह्याच्यात श्रीलिपी नावाच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप केलेत. दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' च्या जागी नुसती चिन्हं दिसतात, मुलं उतारा वाचणार कुठनं. आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी घर बदलताना कुठं गेली ते देवालाच माहीत. त्यामुळं 'आता नवीन घे की' म्हणणारी माणसं मला जरा अडाणीच वाटतात.

तर ह्या उन्हाळ्यापासनं त्याचा पंखा असा ओरडायला लागला की वरच्या काकू जिन्यातनं हाक मारून सांगायच्या, पाण्याची मोटर बंद करा, टाकी भरली बगा. खालनं हात लावला तर चटका. आणि मग पेपरचा तिसरा प्रश्न अर्धा टाइप झाला की आपला आपण बंद. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो, हे मला नंतर कळलं, तोवर मी सेव्ह करण्यात तरबेज झाले होते.

खडेबाजारातल्या एका दुकानात नेला. पोरगं विशीतलं, त्यानं उघडूनसुद्धा बघितला नाही, उचलून वजन बघितलं नुसतं आणि म्हणाला, "रिपेरी आगंगिल्ल री मॅडम, होसदु तगोरी." म्हणजे रिपेअर होत नाही, नवीन घ्या. म्हटलं नवीन घ्यायला पैसे कोण, तुमचे सर देणार? तेवढं कन्नड मला येतं पण ते मनातच म्हटलं.

घरी आल्यावर जाहीर केलं की रविवारी मी हा खोलणार. आमच्या घरात एखादी गोष्ट खोलणार म्हटलं की ती गोष्ट तुमची राहत नाही. आमच्या ह्यांनी लगेच यूट्यूबवर व्हिडिओ शोधला आणि टॉर्च धरायची जबाबदारी घेतली. आणि मामंजी आतनं चष्मा पुसत बाहेर आले.

मामंजी म्हणजे उद्यमबागेतले रिटायर फिटर. आयुष्य मशीनच्या पोटात गेलं. रिटायर होताना टूलबॉक्स घरी आणला तो अजून कॉटखाली आहे आणि त्याला हात लावायची परवानगी नातवालासुद्धा नाही. त्यांनी त्यातला सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, तो लॅपटॉपच्या स्क्रूच्या डोक्यापेक्षा मोठा. मग माझा ऑनलाइन मागवलेला सेट हातात घेतला, उलटा सुलटा बघितला आणि म्हणाले, "हे चष्मा दुरुस्तीचं हाय काय ग?"

बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं म्हणजे आत उरलासुरला करंट असेल तो जातो, आणि खालचे स्क्रू काढायला सुरवात केली. ते ठेवायचे कशात? वाटी कलंडते. माझं लक्ष ओट्यावरच्या आप्पेपात्राकडं गेलं. बिडाचं, जड, खळगे आयते, जागचं हलत नाही. एका खळग्यात खालचे, एकात डीव्हीडी ड्राइव्हचा एकुलता एक, एकात कीबोर्डखालचे. माझा स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटचा त्यामुळं त्याला लागलेले स्क्रूपण थोडे मॅग्नेट झालेले, ते बिडाला जरा धरूनच बसतात, सांडायची भीती नाही. सासूबाई आल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा ते जास्त ऐकू येतं.

इथं मामंजींचा खरा अवतार सुरू झाला. कॉटखालनं व्हर्नियर आला. प्रत्येक स्क्रू मोजायचा. "अडीच एमएम, पीच पॉइंट फोर फाइव्ह. हा बग दोनचा, पॉइंट फोर." मी म्हटलं मामा, जिथनं निघाला तिथंच परत जाणार आहे ओ, कशाला मोजायचं. तर म्हणे लांबी बघ. आणि खरंच, दिसायला सगळे भावंडं पण कुणी तीन एमएम, कुणी पाच, कुणी आठ. आठचा स्क्रू तीनच्या भोकात पिळला की तो खालनं बोर्डात घुसतो आणि मग होसदु तगोरी. त्यांनी चिठ्ठ्या लिहून खळग्यात टाकल्या, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या अक्षरात, सगळं कॅपिटल.

एक स्क्रू मात्र हलेना. हे म्हणाले व्हिडिओत तर पटकन निघाला. व्हिडिओचं सांगायचं तर त्या माणसाचा लॅपटॉप आणि आमचा एकाच नावाचे, फक्त मॉडेलचा शेवटचा आकडा वेगळा, त्यामुळं 'दोस्तों, यहाँ पे एक स्क्रू मिलेगा' म्हणतो तिथं आमच्यात भोकसुद्धा नाही, आणि आमच्यात आहे तिथं तो बघतच नाही. मामंजींनी टॉर्च जवळ घ्यायला लावला. "थ्रेडला निळं दिसालंय न्हवं? लॉकटाइट हाय, स्क्रू ढिला हुऊ नये म्हणून लावत्यात तो गोंद. वरनं दाब, सगळं वजन टाक, आणि सावकाश फिरव. घाई केलीस की डोकं गेलं समज." दाबलं, फिरवलं, कट्ट आवाज आला आणि निघाला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते माझ्या लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं.

मग वरचा पत्रा. ह्यांचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेनं सरकवायचं, आतले प्लॅस्टिकचे क्लिप एकेक सुटतात आणि प्रत्येक वेळी असा आवाज येतो की काहीतरी कायमचं मोडलं. दर आवाजाला सासूबाई आतनं 'गेलं' म्हणायच्या. कीबोर्डची पट्टी ओढायची नसते, तिच्या टोकाला काळी बारकी पापणी असते ती नखानं वर करायची, मग पट्टी आपसूक बाहेर येते. वायफायच्या दोन वायरी, एक काळी एक पांढरी, कुठली कुठं ते फोटो काढून ठेवला. बोर्ड उचलला, उलटा केला.

पंखा आणि त्याच्या पुढं तांब्याच्या नळीला जोडलेली जाळी. दोन्हीच्या मधी जे काही होतं ते धूळ म्हणायच्या पलीकडं गेलं होतं, घोंगडीचा तुकडा कापून बसवावा तसं, चिमट्यानं ओढलं तर अखंड निघालं. पंखा एवढे महिने जिवाच्या आकांतानं फिरत होता आणि हवा बाहेर जायला वाटच नव्हती, बिचारा. ती घोंगडी काकूंना दाखवायला बाजूला काढून ठेवली.

आणि पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस, चार वाजता संध्याकाळ करणारा. दोन मिनिटांत करंट गेला. टेबलावर बोर्ड उलटा, आप्पेपात्रात स्क्रू, खिडकीतनं तुषार, मी ओरडतेय खिडकी लावा, आणि ह्यांचा टॉर्च, जो इतका वेळ भर उजेडात नुसता हौस म्हणून चालू होता, त्याला पहिल्यांदा काम मिळालं. फक्त बॅटरी अकरा टक्के.

हे म्हणाले एवढी जाळी साफ करायची तर पंक्चरवाल्याकडं नेऊ, एअर मारून देईल. मामंजी असे बघत राहिले की मला वाटलं आता लग्न मोडतंय. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेल असतं, टाकीखालचा कॉक कोण कधी सोडतो? ब्रशनं काढा. आणि फुंकर मारताना पात्याला बोट लावून धरायचं, नाहीतर पंखा मोकळा गरागरा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. धरलं.

प्रोसेसरची उष्णता त्या तांब्याच्या नळीकडं पोचवणारी जुनी पेस्ट वाळून खडू झालेली. ती पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आदल्या दिवशीच आणलं होतं, मेडिकलवाल्यानं काळजीनं विचारलं होतं, कुणाला लागलंय काय मॅडम? नवीन पेस्ट किती लावायची ह्याच्यावर यूट्यूबवर भाऊबंदकी आहे, कुणी वाटाण्याएवढी म्हणतो कुणी तांदळाच्या दाण्याएवढी. लॅपटॉपची चिपच बारकी, मी तांदळाच्या बाजूनं गेले. हीटसिंकच्या, म्हणजे त्या नळी-जाळीच्या, स्क्रूंशेजारी धातूवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमानं थोडं थोडं पिळायचं म्हणजे दाब सगळीकडं सारखा बसतो. हे मी मामंजींना समजावून सांगायला गेले तर म्हणाले, इंजिनचं हेड काय वेगळं बसवतात काय, समोरासमोरचे बोल्ट धरूनच. लॅपटॉप म्हणजे काही फार नवीन नाही असं त्यांचं मत तिथनं झालं ते झालंच.

खोललाच होता तर डिस्कपण बदलली. जुनी ५०० जीबीची, तिची सगळी कॉपी यूएसबीच्या केबलनं आधीच रात्रभर लावून एसएसडीवर करून घेतली होती. मामंजींनी जुनी हातात घेतली आणि लेबल वाचलं. ५४०० आरपीएम. "आमच्या लेथला पण एवढं न्हवतं ग." दोन मिनिटं तिला मान दिला. मग एसएसडी हातात दिली, ती कानाशी हलवून बघितली. "ह्यात फिरतं काय?" म्हटलं काहीच फिरत नाही. "मग चालतं कशावर?" असं म्हणून ती त्यांनी माझ्याकडं परत दिली, वस्तू खोटी निघाल्यासारखी.

रॅमसुद्धा वाढवली, ती मात्र बघून घ्या कुणी घेणार असाल तर. २०१४ च्या आसपासच्या लॅपटॉपला बहुतेक करून डीडीआर थ्री एल लागते, १.३५ व्होल्टची, नुसती डीडीआर थ्री १.५ ची. एका अक्षरावर दुकानदार खांदे उडवतो आणि लॅपटॉप चालू होत नाही.

करंट आला, सगळं उलट्या क्रमानं बसवलं. काकू तोवर छत्री घेऊन हजर. पहिला प्रश्न, स्क्रू किती उरले? म्हटलं एकही नाही. त्यांना ते खोटं वाटलं. टेबलाखाली वाकून बघितलं, आप्पेपात्र उचलून बघितलं, मामंजींना विचारलं. मामंजी म्हणाले रजिस्टर आहे माझ्याकडं, टॅली केलंय. काकू घोंगडी बघून, नाक मुरडून, जरा हिरमुसूनच वर गेल्या.

बटण दाबलं. आधी चालू करून चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळायचा आणि मग पासवर्ड टाकायचा अशी सवय, आता गॅस पेटवायच्या आत पडदा तयार. पेपरच्या फाइली उघडल्या, 'खालील उतारा वाचून' जसंच्या तसं. विंडोज टेनचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवीन प्रोसेसर लागतो, तो ह्याच्यात नाही, म्हणून ह्याचं इंटरनेट मी बंदच करून टाकलं. पेपर टाइप कर, प्रिंट काढ, झोप. ह्या वयात तेवढंच बरं.

आवाज तर असा गेला की सासूबाईंनी येऊन विचारलं, चालूच झाला न्हाई काय?

मामंजी मात्र उठले नाहीत. त्यांनी टूलबॉक्समधला तो मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक लॅपटॉपच्या कोपऱ्यावर, बरोबर पंख्याच्या वर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मशीनचं बेअरिंग असंच ऐकतात. डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प, ह्यांनी यूट्यूबसुद्धा थांबवलं.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले. "वाजालंय आत. दोन महिने काढंल. पंखाच नवीन घालायला पायजे."

म्हणजे कीबोर्ड, पत्रा, डीव्हीडी, वायरी, बोर्ड. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे चार्जर शोधायला आत गेले. मामंजींनी व्हर्नियर पुसून डब्यात ठेवला, आप्पेपात्रातल्या चिठ्ठ्या गोळा करून रबर लावलं आणि टूलबॉक्स कॉटखाली न सरकवता सरळ टेबलाशेजारी ठेवला.

"कधी मागवालीस?" त्यांनी विचारलं.