कॉट बेसिस, चाकांसह

पेठेत एकेका खोलीत चार-चार कॉट टाकून स्पर्धा परीक्षेची पोरं राहताहेत, आणि तुमची कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, कोथरूडच्या गल्लीत ताडपत्रीखाली उभी. हौसेनं घेतली, एकदा काशीदला नेली, येताना ताम्हिणीत इंजिन तापलं, तेव्हापासून उभीच. पैसा असा उन्हात वाळत घालणं पुणेकराला शोभत नाही. भाड्यानं द्या.

तत्त्व एकच पाठ करा: भाडं मागताना ते घर, कर मागायला कुणी आलं की ती गाडी. फ्लॅटमध्ये भाडेकरू ठेवला की स्वतः राहणाऱ्याला मिळणारी मिळकतकरातली 40 टक्के सवलत जाते. चाकांवरच्या खोलीला मिळकतकराचं बिल आल्याचं निदान आमच्या गल्लीत तरी ऐकिवात नाही. उलट आरटीओनं विचारलं, की पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं कशी दिली, तर मागच्या बंपरला तारेनं बांधलेली तुळशीची कुंडी दाखवावी. कुंडीवर उदबत्तीची काडी असेल तर उत्तम.

करार मात्र नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. नोंदणी नसेल तर मालकाला 5,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; शिवाय अटींवरून वाजलं तर तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचंच खरं. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करा, सर्व्हे नंबरच्या जागी चासी नंबर घाला. अडेल ते चतुःसीमेपाशी. रस्त्यावर सम-विषम पार्किंग असेल तर सम तारखेला पूर्वेस डेअरी आणि पश्चिमेस ड्रेनेजचं झाकण, विषम तारखेला डेअरी समोर आणि उशाशी झेरॉक्सवाला. त्यामुळे आधार-पॅनबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सही मागून घ्या. घर रोज रस्ता ओलांडणार आहे. वास्तू बघणारा भाडेकरू टाळावा. पूर्वेचं दार त्याला एक दिवसाआडच मिळेल.

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 127 तर तुमच्यासाठीच लिहिलंय. सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात, जॅमरही लावू शकतात. पण तुमची गाडी बेवारस कुठाय? आत माणूस झोपलाय. म्हणजे राखणदार तुम्हीच ठेवायचा आणि पगार त्यानं तुम्हाला द्यायचा. डिपॉझिटही त्याचंच.

संडासाचं विचारेल. मोटार वाहन नियमांत मोटर कॅरॅव्हॅनची व्याख्या आहे: आसनं, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा. त्यात संडास नाही. सरकारला जे सुचलं नाही ते तुम्ही कुठून द्यायचं? कोपऱ्यावर महापालिकेचं आहे म्हणावं, पाच मिनिटांवर. सम तारखेला चार.

गाडी सोसायटीच्या आवारात नेऊ नका. आमच्याकडे एकानं नेली होती. सेक्रेटरींनी आधी ती घर ठरवून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्यानं देतो म्हणून सोसायटी घेते ते) लावले, मग गाडी ठरवून दोन पार्किंगचे पैसे मागितले. नॉन-ऑक्युपन्सीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे म्हटल्यावर ते म्हणाले, ती घरांना. आपलं तत्त्व शेजारच्यालाही पाठ असतं.

राज्याचं 2021 चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आहे, त्यात कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. पण ते पर्यटकांसाठी. अकरा महिने एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला पर्यटक म्हणायला जीभ रेटत असेल तर बघा.

भाडं 1 तारखेलाच घ्यायला जा. मागचा महिना 31 चा असेल तर दोन्ही तारखा विषम, घर कालच्याच जागी सापडतं. 30 चा असेल तर पलीकडच्या फुटपाथला बघा. तिथंही नसेल तर उचललेल्या गाड्या नेऊन लावतात तिथं. भाडेकरू आत असेलच. दार हळू वाजवा, पावती तुमच्या नावानं फाटलेली आहे.