फाइल ढगात गेली

मराठीत कुणी ढगात गेला म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कधी?’ आणि त्याच्या पुढचा ‘पण परवाच तर भेटले होते!’ असा असतो. त्यामुळे साहेबांनी मीटिंगमध्ये, “सोमवारपासून आपल्या सगळ्या फाइली क्लाउडवर जाणार,” असं जाहीर केलं, तेव्हा पसरलेली शांतता मोजून दोन मिनिटांची होती.

मी मात्र मनातून खूश होतो. पेन ड्राइव्ह या वस्तूशी माझं कधी जमलंच नाही. एक शर्टाच्या खिशात राहून धुऊन निघाला. आश्चर्य म्हणजे वाळल्यावर तो चालला. मग तो मी बसमध्ये विसरलो. फाइली इंटरनेटवर ठेवायची सोय देणाऱ्या ड्रॉपबॉक्सची जन्मकथा अशीच आहे म्हणतात. ड्रू ह्यूस्टन नावाचा तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचं त्याच्या वाटेत लक्षात आलं. वैतागून त्यानं बसमध्येच प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि २००७ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. बसमध्ये मीही वैतागलो होतो. फक्त मला त्या वेळी शेजारच्या गृहस्थांना “जरा उठता का?” एवढंच सुचलं.

क्लाउड म्हणजे काय, हे समजावून द्यायला एक तरुण मुलगा आला होता. त्यानं पहिल्याच वाक्यात ढग फोडला. म्हणाला, आकाशाचा काही संबंध नाही, कुठल्या तरी मोठ्या इमारतीत रांगेनं उभे केलेले दुसऱ्याचे कॉम्प्युटर आहेत, आणि तुमची फाइल तिथं जाताना कधी कधी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जाते. म्हणजे ढगात जाण्यासाठी आधी पाताळात जायचं. मी वहीत ‘सुरक्षित’ एवढा एकच शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पहिला दणका तीन आठवड्यांनी बसला. एका मोठ्या क्लायंटसमोर मला प्रेझेंटेशन करायचं होतं. ते मी घरी रात्री जागून तयार केलं होतं आणि शहाण्यासारखं क्लाउडवर ठेवलं होतं. मीटिंगच्या खोलीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिंक उघडली. भिंतीवरच्या पडद्यावर, अकरा माणसांच्या साक्षीनं, अक्षरं उमटली: तुम्हाला परवानगी नाही. खाली बटण, परवानगी मागा.

फाइल मी केलेली, नाव माझं, पहिल्या पानावर फोटोसुद्धा माझा. पण रात्री घरी मी माझ्या खासगी खात्यातून बसलो होतो आणि इथं ऑफिसच्या खात्यातून उभा होतो. यंत्राच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं, आणि त्यांची ओळख नाही. मी बटण दाबलं. ‘मालकाला कळवलं आहे’ असं उत्तर आलं.

“मालक कोण?” साहेबांनी विचारलं.

“मीच.”

“मग द्या की परवानगी.”

“मेल आला की देतो.”

सगळे माझ्या फोनकडे पाहू लागले. मेल येईना. पाच मिनिटं झाली तरी येईना. कारण माझ्या खासगी खात्यातली फुकटची जागा काठोकाठ भरली होती. जागा भरली की नवा मेल आत येत नाही. म्हणजे मी मला विनंती केली होती आणि मी ती नाकारली नव्हती, स्वीकारली नव्हती, माझ्यापर्यंत पोहोचूच दिली नव्हती. माणूस स्वतःपासून किती दूर जाऊ शकतो, यावर साधू-संत बोलतात. मी ते भिंतीवर प्रोजेक्टरनं दाखवलं.

(फोनवर फाइल थेट उघडून ऑफिसच्या पत्त्याला परवानगी देता आली असती, हे मला खोलीबाहेर पडल्यावर सुचलं.)

त्या रात्री मी सफाईला बसलो. फुकटच्या जागेचा हिशेब असा: गूगल १५ जीबी देतं, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो हे तिघं एकाच ताटात जेवतात. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि ॲपलचं आयक्लाउड ५, ड्रॉपबॉक्स २. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आलं, तेव्हा तारखेमुळे आणि आकड्यामुळे पुष्कळांना तो एप्रिल फूलचा विनोद वाटला होता. एवढी जागा भरायची कशानं, हा तेव्हाचा प्रश्न. उत्तर मला त्या रात्री सापडलं: खिशात फोन चालू राहिल्यामुळे आपोआप निघालेला, संपूर्ण काळा, एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ. तो मी चार वर्षं तीन ठिकाणी जपला होता.

इथं एक गोष्ट खरोखर कामाची कळली. फोल्डर उघडून एकेक फाइल पुसत बसणं हा येडेपणा आहे. फाइलींची यादी आकारानं लावून घ्यायची, सगळ्यांत जाड वर. पहिल्या वीस फाइलींतच निम्मी जागा निघाली. मेलमध्येसुद्धा दहा एमबीपेक्षा मोठी जोडपत्रं असलेले मेल तेवढे शोधून काढता येतात. पुसलेलं मात्र आधी ट्रॅशमध्ये जातं आणि तिथंही जागा अडवून बसतं, म्हणून ट्रॅशही रिकामा करायचा. पहाटेपर्यंत माझ्याकडे सहा जीबी मोकळे होते आणि डोक्यात विजयाची नशा होती. नशेत माणसानं घरी बसावं. मी ऑफिसला गेलो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर लाल पट्टी दिसत होती: डिस्क भरली. रात्रीचा अनुभव ताजा होता. यादी आकारानं लावली. सगळ्यांत वर आमच्या विभागाचं सामायिक फोल्डर, चार वर्षांचं काम. मी विचार केला, हे सगळं क्लाउडवर आहेच, मग इथं कशाला दुबार? डिलीट. त्यानं विचारलं, या फाइली सगळीकडून जातील, चालेल? मी गेल्या वीस वर्षांत अशा एकाही प्रश्नाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. संध्याकाळचे पाच बावन्न झाले होते.

पाच अठ्ठावन्नला ग्रुपवर पहिला मेसेज आला. “सामायिक फोल्डर कुणाला दिसतंय का?” मग दुसरा, “मला नाही.” मग “मलाही नाही.” अंगावर काटा आला. पण गर्दीत उठून दिसू नये म्हणून मीही लिहिलं, “मलाही दिसत नाहीये, नेटचा प्रॉब्लेम असावा.” हे वाक्य पुढं वर्षभर माझ्या वाट्याला येत राहील, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आमच्या टीममध्ये सगळ्यांत धाकटी एक मुलगी आहे. ती फार बोलत नाही, म्हणून तिची भीती वाटते. ती माझ्या टेबलाशी आली, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. तिथं एक नोंद होती. कोणी काय केलं आणि किती वाजता, याची. ‘कोणी’च्या खाली माझं नाव, शेजारी तोच फोटो, प्रेझेंटेशनवर लावलेला, हसरा.

“अगं, पण माझ्या लॅपटॉपवरून काढलं मी फक्त. क्लाउडवर आहे ना?”

ती क्षणभर थांबली. “सर, सिंक म्हणजे आरसा. तुम्ही आरशासमोर मिशी काढली तर आरशातली राहील का?”

मी नकळत मिशीवर हात फिरवला. तीन आठवडे मी ज्याला लोखंडी कपाट समजत होतो, तो आरसा होता. कपाटात ठेवलेली वस्तू आपण विसरलो तरी तिथं राहते. आरसा विसरत नाही आणि राखतही नाही. इकडं पुसलं की तिकडं पुसलं, इकडं बिघडलं की तिकडंही तेवढ्याच निष्ठेनं बिघडलं. मला हवं होतं ते बटण तिथंच, डिलीटच्या शेजारी होतं. ‘जागा मोकळी करा’. त्यानं फाइल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर फक्त तिचं नाव उरतं आणि उघडली की खाली उतरते. फाइलींशेजारच्या चिन्हांना मी इतके दिवस नक्षी समजत होतो. निळा ढग म्हणजे फाइल वरच आहे, हिरवी खूण म्हणजे खालीही आहे, आणि भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे कायम खाली ठेवायचीच आहे.

“ट्रॅशमध्ये असेल ना?” मी विचारलं, ‘पेशंटला ठेवलंय कुठं’ असं विचारतात त्या आवाजात.

“असेल. गूगल ड्राइव्हवर ३० दिवस राहतं. वनड्राइव्हला घरच्या खात्यात ३० आणि ऑफिसच्या खात्यात सहसा ९३ दिवस. तुम्ही तो रिकामा नाही ना केलात?”

आदल्या रात्री मी नेमकं तेच शिकलो होतो. ऑफिसात ते ज्ञान वापरायला मला फक्त वेळ मिळाला नव्हता. सहा मिनिटं आणखी मिळाली असती तर हा लेख मी नोकरी शोधता शोधता लिहिला असता.

फोल्डर रात्री परत आलं. साहेब काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

त्यानंतर मी सुधारलो. ‘फायनल’, ‘फायनल नवं’ हा विनोद आता शिळा झालाय, ठाऊक आहे, पण माझ्याकडे तो विनोद नव्हता, ती कार्यपद्धत होती. आता नावाच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ म्हणतात याला, १९८८ पासूनचं मानक आहे. त्याआधी मी महिन्यांच्या नावानं फाइली ठेवायचो. माझं वर्ष एप्रिलला सुरू व्हायचं, पाठोपाठ ऑक्टोबर आणि ऑगस्ट यायचे, आणि फेब्रुवारी नोव्हेंबरच्या मागं तोंड लपवून उभा असायचा.

शोधणंही शिकलो. एकदा एका करारासाठी दुपारभर चार जणांना छळलं, आणि तो निघाला माझ्याच ‘अलीकडील’ यादीत, वरून दुसरा. काखेत कळसा, तोही शेअर केलेला. गूगल ड्राइव्ह तर फोटोतली आणि स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरंही वाचून शोधतं. मालक कोण, प्रकार कोणता, शेवटचा बदल कधीचा, असं गाळत गेलं की दोन-चार फाइली उरतात. मालक कोण, हे तर आधी बघावं. आमचे एक सहकारी नोकरी सोडून गेले, त्यांचं खातं बंद झालं आणि त्यांच्या मालकीचे सहा तक्तेही त्यांच्यामागं निघाले. टीमच्या सामायिक ड्राइव्हमध्ये फाइल टीमची असते, माणूस गेला तरी ती मागं राहते.

सगळ्यांत उपयोगी, आणि सगळ्यांत घातक, म्हणजे जुन्या आवृत्त्या. फाइलचं कालचं, परवाचं रूप परत काढता येतं. एका अहवालातला चुकून उडालेला परिच्छेद मी असा परत मिळवला आणि फार मिरवलो. मग लक्षात आलं की ज्याला त्या फाइलमध्ये बदल करायचा अधिकार आहे, त्यालाही ते सगळं दिसतं. त्या अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात, विलंबाच्या कारणांत, मी रागाच्या भरात ‘वरिष्ठांची धरसोड’ असं लिहिलं होतं. अकरा मिनिटांनी खोडून ‘अपरिहार्य परिस्थिती’ केलं. ती अकरा मिनिटं तिथं अजून शाबूत आहेत. साहेब ‘इतिहास’ हा विषय कधी उघडत नाहीत, या एका आशेवर मी आहे.

घरी एक हार्ड डिस्कही घेतली. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, असा तीन-दोन-एकचा नियम आहे. आरशावर माझा विश्वास उरलेला नाही.

परवा सामायिक फोल्डरमधल्या एका अहवालात ‘विभाग’ऐवजी ‘विभग’ दिसलं. सुधारायला गेलो तर कर्सर हलेना. वर पाहिलं. परवानगीचे तीन प्रकार असतात: पाहणारा, शेरे मारणारा आणि बदल करणारा. शेरे मारण्याचा अधिकार साहेबांना निसर्गानंच दिलेला आहे. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, पाहणारा. कधीपासून, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी ‘परवानगी मागा’ दाबलं, कारणाच्या चौकटीत ‘काना द्यायचा आहे’ असं लिहिलं आणि वाट पाहिली. दोन दिवसांनी न राहवून टीममधल्या त्या धाकट्या मुलीच्या टेबलाशी गेलो.

“अगं, माझी विनंती मिळाली का?”

“मिळाली सर.” तिनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. “रीसायकल बिनमध्ये ठेवलीय. ९३ दिवस आहेत अजून.”