चिंच लावण्याआधी हे वाचा

स्वित्झर्लंडच्या नेमबाजी महोत्सवांच्या जुन्या पदकांबद्दल एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतोय: ‘ही सगळी चांदीची नाणीच. प्रत्येक पदक एखाद्या विजेत्याचं, म्हणून दुर्मीळ. चांदीच्या भावात घ्या, घासून लखलखीत करा, किंमत दुप्पट.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि शेवटच्या वाक्यानं तर चांगल्या वस्तूंचं वाटोळं होतंय.

आधी नाण्यांचं बघू. ५ फ्रँक मूल्याचे ‘शुट्झेनटालर’, म्हणजे या महोत्सवांसाठी पाडलेली खास चांदीची नाणी (थोडक्यात ‘टालर’), खरंच निघाले, सोलोथर्न १८५५ पासून बर्न १८८५ पर्यंत. वजन २५ ग्रॅम, व्यास ३७ मिलिमीटर, म्हणजे तिथल्या त्या काळच्या नेहमीच्या ५ फ्रँकच्या नाण्याएवढेच. पुढचा टालर थेट १९३४ मध्ये फ्रिबूरला निघाला. मधली जवळजवळ पन्नास वर्षं पदकांची, आणि पदकावर किंमत छापलेली नसते. चांदीचंही तसंच. एकच छाप अनेकदा चांदीत आणि कांस्यात, कधी पांढऱ्या मिश्रधातूतही काढलेली सापडते.

विजेत्याचंच म्हणाल, तर ठरावीक गुण मिळवणाऱ्याला पदक, चांदीचा पेला किंवा खिशातलं घड्याळ मिळायचं हे खरं. पण आठवण म्हणून विकलेली पदकंही भरपूर आहेत. टालरही सरसकट दुर्मीळ नाहीत: सोलोथर्नचे ३,००० पाडले, तर लुगानो १८८३ चे ३०,०००.

आता घासण्याबद्दल, कारण माझा जीव तिथे तुटतो. आपल्याकडे देवाची भांडी चिंचेनं, चांदीची निरांजनं दंतमंजनानं उजळतात. तोच हात पदकावर फिरतो. माझ्याकडे जिनिव्हाचे कोरीवकार ह्यूग बोवी यांची सही असलेलं एक कांस्यपदक आहे. तपकिरी टोनिंग, म्हणजे काळानुसार धातूवर चढलेली रंगाची झाक, शाबूत असल्यामुळे तिरप्या उजेडात वस्त्राची चुणी न चुणी दिसते, आणि कडेजवळची बारीक सही भिंगातून नीट वाचता येते. दुसरं एक चांदीचं पदक मी घेतलं तेव्हा आरशासारखं चकाकत होतं. भिंगाखाली धरलं, तर हेल्वेशियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) नाक सपाट, केसांच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या आणि अक्षरांच्या खाचांत पावडरीचा वाळलेला पांढरा चुरा. चुरा एक वेळ निघेल. गेलेलं नाक परत येत नाही. संग्राहक किंमत मोजतो ती या पृष्ठभागाची. चांदीचा भाव फार तर तळ ठरवतो.

पदक कडेनं धरा. धूळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा आणि मऊ सुती कापडानं नुसतं टिपा. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर धरतो. आणि मूळ डबी मिळाली असेल, तर फाटकी दिसते म्हणून टाकू नका. झाकणाच्या आत कधीकधी ती बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं.