महापौरांच्या हातात आहे तरी काय?

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. महापौर कोण? आरक्षणाची सोडत कुणाला लागली, कुणाची गटनोंदणी झाली, कुणाचे नगरसेवक सहलीला गेले. मीही त्यात रमले. पण एक गोष्ट डाचते आहे, ती लिहितेच.

गेली काही वर्षं आपल्या शहरांना नगरसेवकच नव्हते. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबई आणि कोल्हापूरची तर २०२० मध्येच. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना स्पष्ट सांगते. तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले आणि सरकारने नेमलेले अधिकारी प्रशासक म्हणून बसले. स्थायी समितीही तेच, सर्वसाधारण सभाही तेच. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच! यावर आपण रस्त्यावर उतरलो नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच काळात एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं. घाण पाणी तळमजल्यावरच्या आजींच्या उंबऱ्याला लागलं. त्यांनी दाराशी जुन्या साड्यांची वळकटी करून लावली होती, ती दर दोन तासांनी पिळायची. मी आठ दिवस क्षेत्रीय कार्यालयात खेपा घातल्या. अर्जावर आवकचा शिक्का मिळाला, माणूस मिळाला नाही. साहेब साइटवर. पूर्वी असं झालं की नगरसेवकाला रात्री फोन करायचा आणि सकाळी जेटिंगची गाडी दारात उभी असायची. त्याच्या पक्षाला मी कधीच मत दिलं नाही, हे त्यालाही माहीत होतं. तरी गाडी यायची, कारण पाच वर्षांनी त्याला आमच्याच दारात यायचं होतं.

आता नगरसेवक आलेत, महापौरही बसतील. पण कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, मुदत अडीच वर्षं. शहर समजेपर्यंत खुर्ची सोडायची वेळ येते. चांगली चांगली माणसं या पदावर फक्त उद्घाटनं करून गेली.

थेट जनतेतून महापौर निवडा, असं बरेच जण म्हणतात. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात तसं होतं, आपल्याकडे नगराध्यक्षही थेट निवडला जातो. मला हा उपाय अर्धा वाटतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशा नगरपालिकांत ठराव कसे अडतात ते आपण पाहिलंय. आधी अधिकार द्या, पाच वर्षं द्या, मग निवडणूक कशी घ्यायची ते ठरवू. १९९८ साली मुंबईत मेयर-इन-कौन्सिलचा, म्हणजे महापौर आणि त्यांच्या नगरसेवकांच्या मंडळाकडे कारभार सोपवण्याचा प्रयोग झाला होता, पण तो वर्षभरात गुंडाळला. शहराचा पैसा आणि जमीन हातची सोडायला मंत्रालय तयार नसतं. सरकार कुणाचंही असो.

आणि ते चार सदस्यांचे प्रभाग! मुंबई सोडली तर जवळपास सगळीकडे हेच. मतदानाला त्या आजींना मीच घेऊन गेले होते. अ, ब, क, ड, चार बटणं. दोन दाबून त्या बाहेर निघाल्या, तर केंद्रावरच्या बाईंनी परत बोलावलं. घरी येताना विचारत होत्या, "अगं, मग आता आपला कोणता?" मला उत्तर देता आलं नाही. चौघांचा मिळून एक प्रभाग म्हणजे चेंबर तुंबलं की चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार. एक प्रभाग, एक नगरसेवक, ही मागणी मी सोडणार नाही.

क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात आहे, पण ती आमच्याकडे भरलेली मी आजवर पाहिली नाही. सोसायटीतल्या बायकांच्या सह्या घेऊन अर्ज तयार केलाय. चौघाही नगरसेवकांना एकेक प्रत देणार आहे, पोच घेऊन. सोमवारी अकरा वाजता निघतोय, कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.