सिनेगॉग लोकांच्या रागाने उडाली नव्हती

मावशीने काल एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, 'हे खरं का गं?' मावशी अलिबागची. इस्रायल आळीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तिच्या शाळेच्या वाटेवर होतं, वर्गात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मुली होत्या, आपल्यासारखंच मराठी बोलणाऱ्या. तिलाही क्षणभर खरं वाटलं, म्हणून माझं डोकं फिरलं.

मेसेज म्हणतो : ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये चिडलेल्या जनतेने सिनेगॉग उडवली. जर्मनांचा संबंध नव्हता. कदाचित सहानुभूतीसाठी ज्यूंनीच ते केलं. आणि मेलं तर कोणीच नाही.

जनतेचा राग? २ ऑक्टोबरच्या रात्री शहरात सात ठिकाणी बॉम्ब लागले. सहा फुटले, एक फुटला नाही. रात्रीची संचारबंदी असताना लोक रागाच्या भरात सात बॉम्ब घेऊन फिरत होते का?

एवढं मात्र मान्य करावं लागेल की बॉम्ब ठेवणारे फ्रेंचच होते, यूजेन दलाँक्लच्या कडव्या संघटनेतले. फ्रेंच सरकारने तर वर्षभर आधीच ज्यूंविरुद्ध कायदा केला होता. पण स्फोटकं दिली एसएस या नाझी संघटनेच्या गुप्तहेर खात्याने.

'ज्यूंनीच केलं' हे वाचून तर संताप झाला. १ ऑक्टोबरला योम किप्पूर होता, त्यांचा वर्षातला सर्वांत पवित्र उपास. तो सोडून एक दिवस होतो न होतो तोच हे स्फोट झाले. आणि कोणी केलं हे ओळखायला तर्क लढवायची गरजच नाही, कारण करवणाऱ्याने ते लिहून ठेवलंय. फ्रान्समधला जर्मन लष्करी प्रमुख श्ट्युल्पनागेल याने एसएसविरुद्ध बर्लिनला तक्रार केली. ज्यूंचा कळवळा म्हणून नव्हे. डिसेंबरात त्यानेच ज्यूंवर १ अब्ज फ्रँकचा दंड बसवला. तक्रारीवर ६ नोव्हेंबरला हायड्रिशचं पत्र आलं : या हल्ल्यांना संमती मीच दिली. युरोपात आग लावणारे ज्यूच आहेत आणि ते इथून कायमचे गेले पाहिजेत, असं अगदी वरून जाहीर झाल्यावरच दिली, असंही त्यात आहे. हा हिटलरच्या सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख. याहून मोठा कबुलीजबाब कोणता हवा?

'कोणी मेलं नाही' म्हणणाऱ्यांनी पुढची तारीख बघावी. २७ मार्च १९४२ ला फ्रान्समधून ऑश्विट्झच्या मृत्युछावणीकडे ज्यूंची पहिली गाडी सुटली.

मावशी, ज्याने तुला तो मेसेज पाठवला, त्याला हे आजच पाठव.