स्पॅम नुसता डिलीट करून भागत नाही, त्याच्या ढिगाखाली कामाची मेल जाते

स्पॅम मेलचा विषय काढला की बहुतेक लोक म्हणतात, अरे सोड ना, डिलीट मारायचं आणि पुढे जायचं, त्यात काय एवढं. मला हे अजिबात पटत नाही. एक मेल उडवायला काही लागत नाही हे खरंय, पण रोजच्या त्या ढिगाखाली कामाची मेल दबते आणि ती दबली की काय होतं ते मी आमच्याच घरात बघितलंय. पोस्ट लांब होणारे, पण घरात कुणी रिटायर्ड माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेम होता, पैसे आधी खिशातून भरले आणि मग रिइम्बर्समेंटचे कागद पाठवले. कंपनीने क्वेरी काढली की डोळ्यात बसवलेल्या लेन्सचा स्टिकर जोडलेला नाही, तो पाठवा. ही क्वेरी आली फक्त मेलवर. फोन नाही, मेसेज नाही. मग रिमाइंडर, तोही मेलवरच, आणि मग थेट क्लेम बंद केल्याची मेल. इकडे काका आपले वाट बघतायत, पैसे कसे आले नाहीत अजून. मी त्यांचा मोबाईल घेऊन बसलो तर वर बुटांचा सेल, खाली प्रीअप्रूव्ह्ड लोन, मग कुठल्यातरी प्लॉटिंगची जाहिरात, परत तोच बुटांचा सेल, आणि या सगळ्याच्या मध्ये तो लेन्सचा स्टिकर मागणारी मेल, न उघडलेली. म्हटलं काका, हे सगळं तुम्ही मागवलंय का? तर म्हणाले, "छे रे, मी कशाला मागवू? शर्ट घ्यायला गेलो होतो, बिल करताना त्या मुलीने मेल आयडी विचारला, मी दिला." स्टिकर घरात फाइलमध्येच होता. क्लेम परत उघडून घ्यायला नाकी नऊ आले ते वेगळंच.

कंपनीने फोन करायला हवा होता, यात वादच नाही. पण जगभरची कामाची पत्रं आता मेलवर येतात, पॉलिसीची नोटीस, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्सची नोटीससुद्धा, आणि त्याच जागेत कुणीही येऊन फुकट आपला माल मांडतोय. या दुखण्याचं मूळ या फुकटातच आहे. ३ मे १९७८ ला अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या, डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने आर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, लोक भडकले, तक्रारी झाल्या, पण त्यातून विक्रीही झाली असं तो स्वतःच पुढे सांगायचा. पाठवणाऱ्याला चारशे काय नि चार लाख काय, खर्च जवळपास तोच, त्यामुळे दोन-चार गिऱ्हाईकं मिळाली तरी त्याचं भागतं, आणि बाकीच्यांचा वेळ आणि जागा जाते. जागा म्हणजे खरंच जागा. जीमेलची फुकटची १५ जीबी फोटो आणि ड्राइव्हसकट मिळून आहे, ती भरली की नवीन मेल येणंच बंद होतं, पाठवणाऱ्याला परत जाते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आता साफसफाईचं. ओळखीच्या खऱ्या दुकानाची, ॲपची मेल असेल तर नुसती डिलीट करू नका, अनसबस्क्राइब करा, म्हणजे त्यांच्या यादीतून नाव काढून घ्या, नाहीतर उद्या दुसरी येणारच. २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब देणं आणि दोन दिवसांत नाव काढणं सक्तीचं केलंय, त्यामुळे हे पूर्वीसारखं वेळखाऊ राहिलेलं नाही. जीमेलमध्ये आता मॅनेज सबस्क्रिप्शन्स म्हणून वेगळं पान आहे, तिथे कोण किती मेल टाकतंय ते दिसतं, तिथूनच एकेकाला काढता येतं. काकांचं तिथूनच केलं, चहा होईपर्यंत निम्मं साफ.

पण चोराची मेल असेल तर तिच्यातल्या कुठल्याच लिंकला हात लावायचा नाही, अगदी अनसबस्क्राइबलासुद्धा नाही, कारण तिथे क्लिक केलं की पलीकडच्याला कळतं की हा पत्ता जिवंत आहे, इथे माणूस बसलाय. ती रिपोर्ट स्पॅम करायची आणि विषय संपवायचा. जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत रिफंडच्या खोट्या मेल हमखास येतात, नाव अगदी इन्कम टॅक्स डिपार्टमेंट असतं. नावावर जाऊ नका, नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि तो शेवटाकडून वाचा. शेवटी डॉट गव्ह डॉट इन नसेल तर तिच्यातल्या कशालाही हात लावायची गरज नाही. बँकांच्या वेबसाइटनाही रिझर्व्ह बँकेने आता डॉट बँक डॉट इन वर जायला लावलंय, घरातल्या म्हाताऱ्यांना एवढं एक शिकवलं तरी खूप झालं. आणि हो, स्पॅमचा फोल्डरही आठवड्यातून एकदा बघत जा, सुक्याबरोबर ओलंही जळतं, चांगली मेल तिथे जाऊन पडते आणि जीमेल तीस दिवसांनी ती कायमची उडवतं.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. फोन आणि एसएमएससाठी आपल्याकडे ट्रायचं, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, डीएनडी आहे, जाहिरातींचे फोन-मेसेज नको म्हणून नाव नोंदवायची सोय, १९०९ वर तक्रार करता येते. ते पूर्ण चालत नाही हे मान्य, पण निदान आहे. मेलसाठी काय? काहीच नाही. अमेरिकेने २००३ साली कायदा केला, त्यात नको म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत मेल थांबवावी लागते. आपल्याकडे स्पॅम मेलसाठी असा वेगळा कायदा आजही नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे असं स्पष्ट आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत दिलीय. तोवर बिलाच्या काउंटरवर मेल आयडी मागणं चालूच.

शर्ट विकायला मेल आयडी लागत नाही. पैसे घ्या, कागदी बिल द्या. मी सरळ नाही म्हणतो, मागे रांग असली तरी, आणि काउंटरवरची मुलं काही भांडत नाहीत, बिल बनतंच. काकाही आता नाही म्हणतात.